कमानींखालची वाट : हॉर्नबी रोड ते दादाभाई नवरोजी मार्ग

एम. ए.च्या विद्यार्थ्यांना महानगरीय साहित्य शिकवताना आम्ही दोघे गेली काही वर्षे एक उपक्रम करीत आलो आहोत. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी सकाळी मुलांना क्रॉफर्ड मार्केटपाशी जमायला सांगायचे आणि तेथून दादाभाई नवरोजी मार्गाने रमतगमत हुतात्मा चौकापर्यंत न्यायचे. अंतर दीडएक किलोमीटरचे, पण थांबत थांबत, वर पाहत जायचे म्हटले की दोन तास सहज जातात. मुंबईत जन्मून वाढलेल्या मुलांनीही हा रस्ता वर पाहत कधी चाललेला नसतो. लोकल पकडण्याच्या घाईत त्यांना तो फक्त पायांखाली ठाऊक असतो.

अशाच एका फेरीच्या शेवटी, चहाच्या टपरीवर, एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, हे सगळं छान आहे. पण यातलं आपलं कोणतं?" स्थानक इंग्रजाने बांधलेले, ग्रंथालय पारशांचे, शाळा मुसलमानांची, पेढ्या गुजराती आणि पारशी नावांच्या, कारंज्यावरची देवी रोमन. मुलगी गिरणगावातली होती. तिच्या प्रश्नात अभिमानही नव्हता आणि तक्रारही नव्हती, नुसता हिशेब होता. त्या वेळी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. शहर सर्वांचे असते वगैरे. ते उत्तर आम्हांलाच पटले नाही, म्हणून हा लेख.

आरंभ तटापासून करावा लागेल. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या वसाहतीभोवती तटबंदी घातली. तिला अपोलो गेट, चर्चगेट आणि बाजारगेट असे तीन दरवाजे होते. आतल्या वस्तीला मराठी माणसे 'कोट' म्हणत आणि बाहेरच्या वस्तीला 'बाहेरकोट'. कोटाच्या दक्षिणेकडे इंग्रजांची घरे आणि कचेऱ्या, उत्तरेकडे बाजारगेटच्या अंगाला पारशी, बनिये आणि इतर देशी व्यापाऱ्यांची दाटी. १८०३ साली मोठी आग लागून या उत्तरेकडच्या वस्तीचा बराच भाग जळाला. तटापलीकडे तोफांच्या माऱ्याला आडोसा मिळू नये म्हणून मोकळे मैदान राखलेले होते. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल ही त्याच मोकळिकीची उरलेली तुकडी होत. आपण जेथे क्रिकेट खेळतो किंवा मोर्चे नेतो ती जागा मुळात गोळीबारासाठी रिकामी ठेवलेली होती, हे विसरून चालणार नाही. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तटाचे लष्करी प्रयोजन संपले होते. पेशवाई १८१८ सालीच संपली होती. समुद्रावर इंग्रजांना आव्हान देणारा कोणी उरला नव्हता. आत मात्र माणसे कोंदटली होती. १८६२ मध्ये सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर म्हणून आले आणि त्यांच्या कारकिर्दीत तट पाडण्याचे काम हाती घेतले गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत शहरात पैशाचा पूर लोटला. तट त्याच पैशाच्या जोरावर पडला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. तट मात्र पुन्हा उभा राहायचा नव्हता.

मराठी वाचकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले ते १८६३ साली. एखाद्या शहराचे मराठीत लिहिलेले हे पहिले मोठे वर्णन, आणि ते नेमके जुन्या शहराचा वेढा सुटत असताना यावे, हा योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो. एक मराठी शिक्षक आपल्या भाषेत शहराची नोंद करीत होता आणि त्याच वेळी शहर आपला आकार बदलीत होते. त्या मुलीच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे सापडते, पण ते ग्रंथातले उत्तर आहे. तिला रस्त्यावरचे हवे होते.

पश्चिमेच्या तटाला लागून आतल्या अंगाने जाणारी अरुंद वाट तट गेल्यावर रुंद झाली. तिला नाव मिळाले हॉर्नबी रोड. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. ते वरळीच्या बांधामुळे अधिक लक्षात राहिले आहेत. या रस्त्याचा जन्म त्यांच्यानंतर पाऊणशे-ऐंशी वर्षांनी झाला. जुन्या चर्चगेटच्या जागी १८६४ मध्ये फ्लोराचे कारंजे उभे राहिले. ते मूळचे भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी करवून घेतलेले होते. शहराच्या दरवाजाची जागा कारंज्याने घेतली, आणि ज्या ठिकाणी संध्याकाळी माणसांना आत घेऊन दार लावीत असत तेथे पाच रस्ते येऊन मिळू लागले.

त्यानंतरच्या तीसएक वर्षांत या रस्त्याच्या दोन्ही कडांना जे उभे राहिले त्याची यादी पर्यटनाच्या पुस्तिकांत मिळते, म्हणून येथे विस्तार करीत नाही. बोरीबंदराच्या जुन्या स्थानकातून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पहिली आगगाडी सुटली होती. त्याच परिसरात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी १८७८ ते १८८८ या काळात व्हिक्टोरिया टर्मिनस बांधले. १९९६ मध्ये त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत ते गेले. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ मधली. तिच्यापुढे सर फिरोजशहा मेहतांचा पुतळा. अंजुमन-इ-इस्लामची शाळा, वाच्छा अग्यारी, जे. एन. पेटिट ग्रंथालय हे सारे याच ओळीतले. रुडयार्ड किपलिंग जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला, हे मुलांना सांगावे लागते, कारण परीक्षेच्या गाइडांत ते असते. पण त्याच आवारातली दुसरी गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. व्हिक्टोरिया टर्मिनसवरचे कोरीव काम, म्हणजे कमानींवरची पाने, मोर, माकडे, खारी, चेहरे, यांत जे. जे.च्या देशी विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. त्यांची नावे त्या दगडावर नाहीत. आराखडा स्टीव्हन्सचा, छिन्नी त्यांची.

आता या रस्त्याच्या खऱ्या वैशिष्ट्याकडे वळतो. आमच्या मते त्याचा मोठेपणा एकेका इमारतीत नाही. गॉथिक, अभिजात ग्रीक-रोमन वळणाची, पर्शियन नक्षीची, पुढे विसाव्या शतकातली आर्ट डेको, अशा एकमेकींशी न जमणाऱ्या शैलींच्या इमारती येथे शेजारी शेजारी उभ्या आहेत. एरवी ही खिचडी झाली असती. ती झाली नाही, कारण १८९६ मध्ये सरकारने एक नियम केला. या रस्त्यावर इमारत बांधणाऱ्या प्रत्येकाने तळमजल्याच्या पुढल्या भागात पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग ओसरी सोडली पाहिजे. वरचे मजले तुमचे, तेथे हव्या त्या शैलीत बांधा. पण खाली, रस्त्याच्या पातळीवर, जाणाऱ्या-येणाऱ्याला ऊन-पाऊस लागता कामा नये.

या नियमाचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. शहरातल्या सर्वांत महागड्या जमिनींपैकी ही जमीन. तिच्या मालकाला, मग तो इंग्रज कंपनी असो की पारशी शेठ, आपल्या जागेचा दर्शनी पट्टा अनोळखी माणसाच्या पायांसाठी मोकळा ठेवावा लागला. तो अनोळखी माणूस कोण हे विचारण्याची सोय नियमात नव्हती. कोकणातून आलेला कारकून, गिरणी कामगार, हमाल, कॉलेजात जाणारा पोरगा, कोणीही त्या कमानींखालून जाऊ शकत होता. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना ओसरी असे. तीवर कोणी बसायचे आणि कोणी अंगणातच उभे राहायचे हे जातीने ठरलेले असे. हॉर्नबी रोडच्या ओसरीला असा मज्जाव नव्हता. इंग्रजांना समता आणायची होती असे आम्ही म्हणत नाही. त्यांना एकसारखी दिसणारी, रुबाबदार पेठ हवी होती, आणि मुंबईचा पाऊस त्यांनाही लागत होता. पण नियमाचा हेतू आणि नियमाचे फळ या दोन गोष्टी इतिहासात नेहमी एकच नसतात.

त्याच १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगची साथ आली. मांडवीच्या चाळींत माणसे मरू लागली, लाखो लोक शहर सोडून गेले. एकाच वर्षी एकाच शहरात एका रस्त्यावर पादचाऱ्याच्या डोक्यावर छत धरले जात होते आणि मैल-दीड मैलावर तोच पादचारी ज्या खोलीत राहत होता तेथे हवा-उजेड नव्हता. हॉर्नबी रोडचे कौतुक करताना मांडवीचा विसर पडू देऊ नये, एवढेच येथे म्हणायचे आहे.

स्वातंत्र्यानंतर रस्त्याला दादाभाई नवरोजींचे नाव मिळाले. नामांतरे आपल्याकडे बहुधा विचार न करता होतात, पण हे नाव येथे चपखल बसले. हिंदुस्थानातली संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते याचा आकडेवारीने हिशेब मांडणारा हा माणूस. १८९२ मध्ये मध्य फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून येऊन तो ब्रिटिश पार्लमेंटात बसला आणि १९०१ मध्ये त्याचा दारिद्र्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या रस्त्यावर विमा कंपन्या, आगबोटींच्या आणि कापसाच्या पेढ्या होत्या, ज्या रस्त्यावरून ती संपत्ती बंदराकडे गेली, त्याच रस्त्याला त्या गळतीचा हिशेब करणाऱ्याचे नाव मिळाले. आम्हा शिक्षकांना दादाभाईंबद्दल आणखी एक आपलेपणा वाटतो. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. १८४९ मध्ये एल्फिन्स्टनच्या ज्या तरुण मंडळींनी विद्यार्थ्यांच्या साहित्य व विज्ञान सभेतर्फे मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा काढल्या, स्वतः फुकट शिकवले, त्यांत दादाभाई होते. गिरणगावातल्या त्या मुलीला आम्ही हे सांगायला हवे होते. त्या दिवशी सुचले नाही.

या काळात आणखीही एक पालट झाला. व्हाइटवे लेडलॉ या विलायती कापडचोपडाच्या मोठ्या दुकानाच्या इमारतीत चाळिशीच्या दशकात खादी भांडार आले. कमानी त्याच राहिल्या, आत लटकणारे कापड बदलले.

मराठी माणसाचा या रस्त्याशी संबंध मालकाचा कधीच नव्हता, हे कबूल करावे लागेल. तो येथे सकाळी गाडीतून उतरे, डबा सांभाळत कचेरीत जाई आणि संध्याकाळी परत फिरे. पगाराच्या दिवशी शोकेसमधले घड्याळ पाहून पुढे जाई. मराठी कथा-कादंबऱ्यांत हा कारकून हजारदा आला आहे. पण त्याच्या पायांखालचा रस्ता फारसा आला नाही, याचे आम्हांला आश्चर्य वाटते. गिरगावच्या चाळीला आमच्या साहित्याने जेवढे प्रेम दिले त्याचा दशांशही फोर्टच्या कमानींना दिलेला नाही. कदाचित जेथे आपण पोटासाठी जातो तेथे जीव गुंतवायचा नसतो, अशी एक पांढरपेशी समजूत यामागे असावी.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि त्यापाशी आम्ही मुलांना सर्वांत अधिक वेळ थांबवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. आरंभी ते लष्कराच्या बराकींत भरे. पुढे त्याला या रस्त्यावर हक्काच्या इमारती मिळाल्या. त्यांची नावे आनंद भवन आणि बुद्ध भवन. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरत. १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाल्यावर ज्या आंबेडकरांच्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावरून सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती, त्यांनी उभारलेल्या संस्थेने हॉर्नबी रोडसारख्या रस्त्यावर, शेठ-साहेबांच्या रांगेत, आपली पाटी लावावी, ही घटना शहराच्या इतिहासात जेवढी नोंदली जायला हवी तेवढी गेलेली नाही. कमानींखालून जाणारा माणूस येथे जिना चढून वर गेला. सिद्धार्थच्या वातावरणातून उभ्या राहिलेल्या साहित्य संघाचा दलित साहित्याच्या चळवळीच्या आरंभाशी जवळचा संबंध आहे. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले त्याची पार्श्वभूमी समजून घ्यायची तर या जिन्यापासून सुरुवात करावी लागते. आमच्या अभ्यासक्रमात दलित साहित्याचा पेपर आहे, महानगरीय साहित्याचाही आहे. दोन्हींचा एकच पत्ता असू शकतो, हे मात्र कोठल्याही पेपरात विचारले जात नाही.

या रस्त्याच्या दक्षिण टोकाशी मराठी माणूस एकदा कारकून म्हणून नव्हे, समूह म्हणून आला. २१ नोव्हेंबर १९५५. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी निघालेला मोर्चा विधानसभेकडे जात असता फ्लोरा फाउंटनजवळ पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधरा माणसे मेली. पुढच्या काही महिन्यांत हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला. १ मे १९६० रोजी राज्य झाले, फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला, आणि रोमन देवीशेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार उभे राहिले. तटाबाहेरचे मैदान तोफांसाठी मोकळे ठेवले होते, असे वर म्हटले. तट पडून नव्वद वर्षे झाल्यावर, जेथे चर्चगेटचा दरवाजा होता तेथेच, गोळी चालली. फ्लोराच्या कारंज्याची दुरुस्ती होऊन ते जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा वाहू लागले. तेव्हापासून तेथे छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते. बरेचजण देवीचे काढतात आणि स्मारकाकडे पाठ करून उभे राहतात. आम्ही मुलांना काही बोलत नाही, फक्त उलट बाजूने उभे राहायला सांगतो.

चालणाऱ्यांच्या दृष्टीने अलीकडचा काळ फारसा चांगला गेलेला नाही. कमानींखाली पथारीवाले बसले. घड्याळे, अत्तरे, चष्मे, मोबाइलची आवरणे. त्यांच्याविषयी तक्रार करणे सोपे आहे आणि आम्हीही चिडून ती केली आहे, पण सार्वजनिक ओसरीवर गरीब माणसाने पोट भरायला बसू नये तर कोठे बसावे, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. पाट्यांचा सुळसुळाट इतका झाला होता की त्यांखाली इमारती दिसेनात. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस दुकानदार, वास्तुविशारद आणि महापालिका यांनी मिळून पाट्यांचे आकार आणि जागा ठरवल्या, कमानी मोकळ्या केल्या. त्या कामाची २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाने दखल घेतली. २००२ पासून जे. जे. उड्डाणपूल क्रॉफर्ड मार्केटवरून तरंगत येऊन कलाशाळेजवळ उतरतो. त्यावरून येणाऱ्याला हा रस्ता म्हणजे फक्त पुढचा सिग्नल असतो.

१४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी स्थानकाकडे जाणारा हिमालय पूल, याच रस्त्यावरचा पादचारी पूल, भर गर्दीत कोसळला. मेलेल्यांत जी. टी. रुग्णालयात रात्रपाळीला निघालेल्या परिचारिका होत्या. तपासणीत पूल आधीच वापरायला योग्य ठरवला गेला होता. दहा वर्षांपूर्वी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी, स्थानकात गोळीबार करून निघालेले दहशतवादी याच पुलावरून गेले होते. त्याची आठवण शहराने ठेवली आणि पुलाला बोलण्यात त्यांतल्या एकाचे नावही चिकटले. परिचारिकांची आठवण तेवढी राहिली नाही. नवा पूल २०२३ मध्ये खुला झाला. १८९६ मध्ये या रस्त्यावर पायी चालणाऱ्याच्या डोक्यावर छत असावे याची काळजी परक्या सरकारने नियमाने घेतली होती. सव्वाशे वर्षांनी पायांखालचा पूल टिकवणे आपल्याच माणसांना जमले नाही. हे वाक्य लिहिताना आम्हांला बरे वाटलेले नाही.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी निघालेले हजारो शेतकरी आणि आदिवासी सहा दिवसांनी मुंबईत पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीच्या परीक्षेचा पेपर होता. मुलांची गैरसोय होऊ नये म्हणून ते शीवच्या मुक्कामावरून रात्रीतच निघाले आणि पहाटे येथून हाकेच्या अंतरावर असलेल्या आझाद मैदानात येऊन बसले. आमची ती विद्यार्थिनी तेव्हा नोकरीला लागली होती. तिने फोन करून सांगितले की कचेरीत जाण्याआधी ती त्यांना पाहायला गेली होती, अनेकांच्या पायांत चपला नव्हत्या आणि टाचा फुटलेल्या होत्या. चार वर्षांपूर्वीचा प्रश्न तिने पुन्हा काढला नाही, आम्हीही काढला नाही.

आता आम्ही फेरीची दिशा उलटी केली आहे. सकाळी साडेसातला हुतात्मा चौकात जमायचे, तेथून आनंद भवनाच्या दारापाशी, मग पेटिट ग्रंथालय, स्थानकाच्या कमानींवरच्या खारी आणि माकडे, आणि शेवट कलाशाळेच्या फाटकात. यंदा ती जानेवारीऐवजी जुलैत काढायचे ठरले आहे. मुलांना छत्र्या आणू नका असे सांगून ठेवले आहे. दोन इमारतींच्या मध्ये जेथे गल्ल्या फुटतात तेथे कमान तुटते आणि चार पावले भिजावे लागते, हे सांगायचे राहिले.